परवाना खिशात, पिस्तूल दाराबाहेर! दिल्लीच्या यलो लाईनवरचा एक प्रवास

सुट्टीत दिल्लीला जायचं ठरलं की घरात याद्या सुरू होतात. लाल किल्ला, कुतुब मिनार, इंडिया गेट, चांदनी चौकातले पराठे, सरोजिनी नगरची खरेदी. या यादीत नसलेली एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी तुमच्या समोर येते, ती म्हणजे दिल्लीची दारं. मेट्रो असो, मॉल असो की पंचतारांकित हॉटेल, इथे दारातच थांबायचं, बॅग मशीनवर ठेवायची, हात पसरायचे आणि झडती झाल्यावरच आत जायचं.

या दारांपैकी काहींवर एक पाटी असते. मॉलच्या तळघरातल्या पार्किंगपाशी, पबच्या काउंटरजवळ, लग्नाच्या बँक्वेट हॉलच्या फाटकावर. शब्द थोडेफार बदलतात, पण मतलब एकच, शस्त्र घेऊन आत येऊ नये. पुण्या-नाशकातून आलेली मुलं ती पाटी वाचतात आणि विचारतात, ‘‘बाबा, इथे लोक बंदूक घेऊन जेवायला येतात?’’

प्रश्न भाबडा वाटला तरी उत्तर ‘हो’ असंच आहे. काही जण येतात आणि त्यातल्या अनेकांकडे सरकारी परवाना असतो. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार ३१ डिसेंबर २०१६ रोजी देशात शस्त्रांचे सुमारे ३३ लाख ६९ हजार परवाने होते. त्यातले १२ लाख ७७ हजारांहून अधिक एकट्या उत्तर प्रदेशात, सुमारे १ लाख ४१ हजार हरियाणात आणि ३८ हजारांच्या वर दिल्लीत. महाराष्ट्र दिल्लीपेक्षा कितीतरी मोठा, पण आपल्याकडे तेव्हा साधारण ८४ हजार परवाने होते. आता नकाशा आठवा. नोएडा आणि गाझियाबाद उत्तर प्रदेशात, गुरुग्राम आणि फरीदाबाद हरियाणात. म्हणजे राजधानीच्या मॉलमध्ये संध्याकाळी जी गर्दी लोटते, ती या तीन राज्यांतून येते.

मग ज्याच्याकडे परवाना आहे त्याला दुकानदार, हॉटेलवाला किंवा लग्नाचा यजमान अडवू शकतो का? अडवलं तर त्याने काय करायचं? आणि त्याच टेबलाशेजारी मुलाबाळांसह जेवणाऱ्या तुमचा या सगळ्याशी काय संबंध? चला, दिल्ली मेट्रोच्या यलो लाईनने उत्तरेकडून दक्षिणेकडे जाऊ. या एका लाईनवर सगळी उत्तरं मिळतात.

पहिलं दार मेट्रोचंच

दिल्ली मेट्रो डिसेंबर २००२ मध्ये सुरू झाली आणि २००७ पासून तिच्या सुरक्षेची जबाबदारी केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे, म्हणजे सीआयएसएफकडे आहे. एवढी कडक तपासणी का, हे दिल्लीकराला सांगावं लागत नाही. डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला झाला. २९ ऑक्टोबर २००५ ला, ऐन दिवाळीच्या तोंडावर, पहाडगंज आणि सरोजिनी नगरच्या बाजारात स्फोट झाले. १३ सप्टेंबर २००८ ला करोल बाग, कॅनॉट प्लेस आणि ग्रेटर कैलाश हादरलं. त्यानंतर दोनच महिन्यांनी मुंबईत २६/११ घडलं आणि देशभरातल्या हॉटेलांच्या दारात धातुशोधक कमानी उभ्या राहिल्या.

मेट्रोत प्रवाशाला बंदूक नेता येत नाही, परवाना दाखवला तरी नाही. इथे वाद घालायला जागाच नाही. तरीही स्टेशनवर दर थोड्या दिवसांनी कुणीतरी सापडतं, बहुतेकदा बंदुकीसह नव्हे तर एखाद्या काडतुसासह. घरात कुणाचं तरी परवान्याचं शस्त्र असतं, त्याची बॅग भाऊ किंवा मुलगा घेऊन निघतो आणि तळाशी विसरलेलं काडतूस एक्स-रे मशीनमध्ये दिसतं. विमानतळावरही हेच घडतं. मग शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदला जातो आणि प्रवास तिथेच थांबतो.

अशा प्रकरणांत दिल्ली उच्च न्यायालयाने अनेकदा गुन्हे रद्द केले आहेत. आपल्याजवळ काडतूस आहे याची त्या व्यक्तीला जाणीव होती का, हे न्यायालय पाहतं. जाणीवपूर्वक बाळगणं सिद्ध होत नसेल तर सुटका होते. पण त्यासाठी वकील, तारखा आणि महिनोन्‌महिन्यांचा घोर आलाच. म्हणून घरात कुणाकडे शस्त्र असेल तर पहिला नियम असा की शस्त्राची बॅग वेगळी आणि प्रवासाची वेगळी. ती कधीही अदलाबदल करायची नाही.

चांदनी चौक : दारात उतरण्याची जुनी रीत

चांदनी चौक स्टेशनवर उतरून लाल किल्ल्याकडे चालत जा. लाहोरी दरवाजातून आत शिरून छत्ता बाजार ओलांडला की नौबतखाना लागतो. मुघल दरबाराची रीत अशी होती की या दारापाशी शहजादे सोडून सगळ्यांनी हत्ती-घोड्यावरून उतरायचं आणि पुढे पायी जायचं. बाहेर तुम्ही कितीही मोठे सरदार असा, या दारापासून घरधन्याचे नियम लागू. दिल्लीला ही रीत नवी नाही.

शस्त्राच्या परवान्याचा इतिहास मात्र इंग्रजांपासून सुरू होतो. १८५७च्या उठावाची धास्ती घेतलेल्या सरकारने १८७८ मध्ये शस्त्र कायदा आणला आणि हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बाळगणं अशक्य केलं. गोऱ्यांना त्यातून सवलत होती, म्हणून हा कायदा अपमानाचं प्रतीक बनला. १९३१च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांचा जो ठराव केला, त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता.

याच लाईनवर पुढे सेंट्रल सेक्रेटरिएट स्टेशन येतं. तिथून जुनी संसद जवळ आहे. डिसेंबर १९४८ मध्ये तिथे संविधान सभेत हा विषय पुन्हा निघाला. ह. वि. कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा अशी दुरुस्ती मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला आणि ती फेटाळली गेली. आज अनुच्छेद १९ काढून वाचा. नागरिकांना एकत्र जमण्याचा हक्क आहे, पण शांततेने आणि विनाशस्त्र. म्हणजे चार माणसं जिथे जमतात तिथे हत्यार नसावं, ही कल्पना मॉलच्या मॅनेजरला सुचायच्या कितीतरी आधी संविधानात आली आहे.

स्वतंत्र भारताचा शस्त्र कायदा १९५९चा आणि सध्याचे नियम २०१६चे. २०१९च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच शस्त्रांची मुभा ठेवली आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षं केली. परवानाधारकाने सार्वजनिक जागी पिस्तूल कसं न्यायचं हेही नियमांत लिहिलेलं आहे. ते होल्स्टरमध्ये किंवा तशाच आवरणात, पूर्ण झाकलेलं आणि स्वतःच्या ताब्यात असलं पाहिजे. ते मिरवायचं नाही, कुणावर रोखायचं नाही.

मालवीय नगर : गार्डला नेमका काय अधिकार आहे?

मालवीय नगर स्टेशनवरून साकेतचे मोठे मॉल जवळ आहेत. दारातल्या गार्डकडे नीट बघा. डोक्यावर टोपी, हातात धातुशोधक, समोर दिवसभरात हजारो माणसं. त्याचं यंत्र एखाद्याच्या कमरेपाशी वाजतं. तो माणूस शर्ट जरा वर करून पिस्तूल दाखवतो आणि म्हणतो, ‘‘लायसन्स है.’’ आता काय?

हा गार्ड पोलीस नाही. खासगी सुरक्षा संस्थांसाठी २००५चा वेगळा कायदा आहे, पण त्याने गार्डला पोलिसांचे अधिकार मिळत नाहीत. परवाना दाखवा असा हुकूम सोडण्याचा अधिकार शस्त्र कायद्याने पोलिसांना आणि खास नेमलेल्या अधिकाऱ्यांना दिला आहे. गार्ड तुमचं शस्त्र जप्त करू शकत नाही. पण एक गोष्ट तो नक्की करू शकतो, ती म्हणजे मालकाच्या वतीने ‘आत येऊ नका’ असं सांगणं. मॉल, रेस्टॉरंट, सिनेमागृह या खासगी जागा आहेत. आत येण्याची परवानगी मालक देतो आणि तो ती अटींवर देऊ शकतो. नाही म्हटल्यावरही कुणी धमकावत आत घुसला किंवा ठाण मांडून बसला, तर भारतीय न्याय संहितेतला अनधिकृत प्रवेशाचा गुन्हा त्याला लागू शकतो.

अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात अशा पाटीचा मजकूर कायद्यानेच ठरवला आहे. ती इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत हवी आणि अक्षरं किमान एक इंच उंच हवीत. आपल्याकडे पाटीला असा साचा नाही. इथे पाटी म्हणजे घरधन्याचा शब्द, आणि परवाना म्हणजे शस्त्र बाळगण्याची मुभा. दुसऱ्याच्या दारातून आत शिरण्याचा हक्क त्या कागदावर कुठेच लिहिलेला नसतो.

‘मग तुम्हीच सांभाळा ना!’

अडवल्यावर दुसरं वाक्य बहुधा हेच असतं. ‘‘हे काउंटरवर ठेवा, जाताना घेईन.’’ छत्री किंवा हेल्मेट ठेवावं तसं. ऐकायला सोयीचं वाटतं, पण कायद्याच्या दृष्टीने हा सगळ्यात धोक्याचा मार्ग आहे. परवाना माणसाच्या नावावर असतो. ज्याच्याकडे परवाना नाही त्याच्या हाती शस्त्र सोपवणं हा देणाऱ्याचा गुन्हा, आणि ते बाळगणं हा घेणाऱ्याचा. विनापरवाना शस्त्र बाळगण्याला २०१९च्या दुरुस्तीनंतर किमान दोन वर्षं कैदेची तरतूद आहे. म्हणजे तुम्ही सोय म्हणून ज्या गार्डच्या किंवा रिसेप्शनवरच्या मुलीच्या हातात पिस्तूल दिलंत, त्यांना तुम्ही खड्ड्यात ढकललंत. हॉटेलचा मॅनेजर नकार देतो तेव्हा तो उद्धट नसतो, स्वतःला आणि तुम्हालाही वाचवत असतो.

तिसरा मार्ग गाडीचा. डिकीत किंवा डॅशबोर्डमध्ये ठेवून वर जायचं. पण एनसीआरच्या बहुतेक मोठ्या पार्किंगमध्ये शिरतानाच डिकी उघडायला लावतात आणि गाडीखाली आरसा फिरवतात. समजा नजर चुकली, तरी गाडीची चावी वॅले पार्किंगवाल्याच्या हातात जाते. गाडी फुटली आणि पिस्तूल गेलं तर लगेच पोलिसांना कळवावं लागतं आणि ‘निष्काळजीपणाने ठेवलं का?’ या प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं. परवाना जाऊ शकतो ही झाली छोटी गोष्ट. ते पिस्तूल पुढे कुणाच्या हातात जाईल, ही मोठी.

मग सरळ रस्ता कोणता? शस्त्र घरी, कुलूपबंद ठेवून यायचं. गावाला जायचं असेल तर शस्त्र सांभाळण्याचा परवाना असलेल्या अधिकृत विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात रीतसर जमा करून पावती घ्यायची. निवडणुकीच्या काळात हजारो परवानाधारक असं करतातच.

कुतुब मिनार : ती रात्र

आता कुतुब मिनार स्टेशन. मिनार बघायला लाखो लोक येतात. त्याच्या जवळच, मेहरौलीत, कुतुब कोलोनेड नावाची जुनी हवेली आहे. १९९९ मध्ये तिथे टॅमरिंड कोर्ट नावाचं रेस्टॉरंट होतं आणि दर गुरुवारी रात्री पार्टी व्हायची. २९ एप्रिलच्या त्या गुरुवारी बारच्या मागे जेसिका लाल होती, ३४ वर्षांची मॉडेल, त्या रात्रीपुरती पेय देण्याचं काम करणारी.

मध्यरात्र उलटून गेली होती, बार बंद झाला होता. मनू शर्मा हा राजकारणी घराण्यातला तरुण मित्रांसह आला आणि त्याने दारू मागितली. जेसिकाने नकार दिला. त्याने पिस्तूल काढलं. एक गोळी छताकडे झाडली, दुसरी जेसिकाच्या डोक्यात. एवढंच. भांडण नाही, वैर नाही. एका बाईने ‘आता मिळणार नाही’ असं म्हटलं होतं.

पुढचं सगळ्या देशाला ठाऊक आहे. साक्षीदार फिरले. फेब्रुवारी २००६ मध्ये खालच्या न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडलं. इंडिया गेटवर लोक मेणबत्त्या घेऊन उभे राहिले. डिसेंबर २००६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्याला दोषी ठरवून जन्मठेप दिली आणि एप्रिल २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली.

या खटल्यातली एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. मनू शर्माच्या नावावर पॉइंट २२ बोअरच्या पिस्तुलाचा परवाना होता. ते पिस्तूल पोलिसांना कधीच मिळालं नाही. परवान्याचं शस्त्र असूनही त्याने ते हजर केलं नाही, ही बाब न्यायालयांनी त्याच्याविरुद्ध धरली. म्हणजे कुणी चोरून आणलेला गावठी कट्टा नव्हता हा. सरकारने तपासून, सही-शिक्का मारून ज्याला शस्त्र बाळगायला पात्र ठरवलं होतं, तोच माणूस होता.

म्हणून ‘माझ्याकडे लायसन्स आहे’ या वाक्याने मॉलचा मॅनेजर निश्चिंत होत नाही. परवाना देताना पोलीस माणसाचा मागचा इतिहास तपासतात. तो रात्री दोन वाजता, दारू प्यायल्यावर, कुणी नाही म्हटल्यावर कसा वागेल, हे कोणताही कागद सांगू शकत नाही. दारू जिथे मिळते तिथे ही पाटी सगळ्यात जास्त दिसते, ती यामुळेच.

अर्थात परवाना असलेला प्रत्येक जण असा नसतो, हेही तितकंच खरं. करोल बागेत आणि चांदनी चौकात आपल्या सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी भागातून आलेले गलाई व्यावसायिक पिढ्यान्‌पिढ्या सोनं-चांदी गाळण्याचं काम करतात. ज्याला रोज किलोभर सोनं घेऊन गल्लीतून जावं लागतं, किंवा ज्याला खंडणीचे फोन आलेले असतात, त्याची भीती खोटी नसते. असा माणूस मॉलच्या दारात शस्त्र सोडायला का कचरतो हेही समजून घ्यायला हवं. आत जाताना तो निःशस्त्र, बाहेर पडताना त्याचा पाठलाग करणारा सशस्त्र, ही त्याची काळजी. पण त्याचा उपाय रेस्टॉरंटच्या टेबलावर सापडत नाही. धमकी खरी असेल तर पोलिसांकडे तक्रार आणि संरक्षणाची मागणी, सोनं नेताना ठरावीक वेळ आणि रस्ता टाळणं, आणि कामाचा फेरा वेगळा, कुटुंबाची सहल वेगळी. सोनं पोहोचवल्यावर शस्त्र घरी ठेवून मगच मुलांना पिझ्झा खायला न्यायचं.

छत्तरपूर : लग्नाचं आमंत्रण

कुतुब मिनारनंतरचं स्टेशन छत्तरपूर. इथून पुढे फार्महाऊसचा पट्टा. हिवाळ्यात लग्नसराईला इथली रात्र झगमगते. दिल्लीतल्या मित्राच्या लग्नाचं आमंत्रण आलं तर तुम्हीही इथेच याल.

उत्तरेकडे आनंदाच्या भरात हवेत गोळ्या झाडण्याला ‘हर्ष फायरिंग’ म्हणतात. हवेत सोडलेली गोळी कुठे ना कुठे खाली येतेच. कधी गच्चीवरच्या मुलाच्या अंगात, कधी नवरदेवाच्याच. ३१ डिसेंबर २०१८च्या रात्री फतेहपूर बेरी भागातल्या एका फार्महाऊसवर नववर्षाच्या पार्टीत गोळीबार झाला. पाहुणी म्हणून आलेल्या एका महिलेला गोळी लागली आणि काही दिवसांत तिचा मृत्यू झाला. या प्रकरणात बिहारमधल्या एका माजी आमदाराला अटक झाली. २०१९च्या दुरुस्तीने अशा बेपर्वा गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली. शस्त्र परवान्याचं असलं तरी.

म्हणून हॉल भाड्याने देताना अनेक मालक करारातच अट घालतात आणि फाटकावर पाटी लावतात. पण लग्नात गार्डचं काम मॉलपेक्षा अवघड असतं. समोर वरपक्षाचे मामा, काका, गावचे सरपंच. कुणाची झडती घ्यायची? इथे खरा शब्द यजमानाचाच चालतो. आमंत्रणासोबतच ‘कृपया शस्त्र आणू नये’ असं कळवणाऱ्या वधूपित्याला कुणी हसलं तर हसू द्या. आणि पाहुणे म्हणून तुमच्यासमोर कुणी पिस्तूल काढून नाचायला लागलं, तर मोबाइलवर व्हिडिओ काढत उभं राहू नका. मुलांना घेऊन भिंतीआड, छताखाली जा आणि ११२ वर फोन करा.

अर्जनगढनंतर : सीमा ओलांडली, परवान्याचं काय?

अर्जनगढ हे यलो लाईनवरचं दिल्लीतलं शेवटचं स्टेशन. पुढचं गुरु द्रोणाचार्य स्टेशन हरियाणात. गाडीत बसलेल्या तुम्हाला काही कळत नाही, पण शस्त्र परवान्याला कळतं. प्रत्येक परवान्यावर तो कुठे चालेल ते लिहिलेलं असतं. जिल्ह्यापुरता, राज्यापुरता किंवा संपूर्ण भारतासाठी. दिल्लीत परवाना पोलीस देतात, उत्तर प्रदेशाच्या अनेक जिल्ह्यांत जिल्हाधिकारी. नोएडातला माणूस रोज कामाला दिल्लीत येतो आणि जेवायला गुरुग्रामच्या सायबर हबमध्ये जातो. दिवसभरात तीन राज्यं होतात. त्याचा परवाना फक्त उत्तर प्रदेशचा असेल, तर दिल्लीच्या हद्दीत शिरताच तो अटींचा भंग करतो. मॉलचा गार्ड लांबच, नाक्यावरचा पोलीसच त्याला थांबवेल.

गुरुग्रामचे पब आणि मॉल या लाईनच्या शेवटच्या टप्प्यात, एम. जी. रोडच्या आसपास आहेत. शनिवारी रात्री इथे दिल्ली, हरियाणा आणि उत्तर प्रदेश असे तीन नंबरप्लेटवाले एकाच रांगेत उभे असतात. दारातल्या बाउन्सरला कुणाचा परवाना कुठवर चालतो हे तपासणं शक्य नसतं. सगळ्यांना एकच नियम लावणं, हाच त्याच्यासाठी न्याय्य आणि सोपा मार्ग.

ही दिल्लीची मग्रुरी म्हणून आपण नाक मुरडायचं कारण नाही. २ फेब्रुवारी २०२४ ला उल्हासनगरच्या हिललाईन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकांच्या खोलीत गोळीबार झाला आणि एका आमदाराला अटक झाली. सहाच दिवसांनी मुंबईच्या उत्तर उपनगरात फेसबुक लाइव्ह चालू असताना एका माजी नगरसेवकाचा खून झाला. पोलीस तपासानुसार त्यात वापरलेलं पिस्तूल मारेकऱ्याच्या अंगरक्षकाच्या नावावर होतं. आपल्याकडे पाट्या कमी दिसतात, पण प्रश्न तोच आहे.

घरात परवाना असेल तर हे लक्षात ठेवा

दिल्लीला विमानाने शस्त्र न्यायचंच असेल तर विमान कंपनीला आधी कळवा. शस्त्र रिकामं करून, काउंटरवर जाहीर करून, चेक-इन सामानातच द्यावं लागतं. सोबत काडतुसं जास्तीत जास्त ५० आणि मूळ परवाना हवा. हातातल्या बॅगेत एकही काडतूस नको.

निघण्यापूर्वी परवान्यावरचं क्षेत्र आणि मुदत वाचा. ‘चालतं’ असं कुणी सांगितलं म्हणून चालत नाही.

ज्या हॉटेलात उतरणार त्याला फोन करून नियम विचारा. त्यांनी नाही म्हटलं तर शस्त्र गावीच जमा करा.

दारात यंत्र वाजलं तर हात कमरेकडे नेऊ नका. शांतपणे, हळू आवाजात सांगा आणि रांगेतून बाजूला व्हा. शर्ट वर करून दाखवणं हा मागे उभ्या असलेल्या आईच्या आणि मुलांच्या जिवाला घोर आहे. तिथून परत फिरणं यात कमीपणा नाही.

आणि तुमच्याकडे शस्त्र नसेल तरी एक काम तुमचंही आहे. झडतीच्या रांगेत उशीर झाला की आपण गार्डवर चिडतो. ‘‘आम्ही काय अतिरेकी दिसतो का?’’ असं सुनावतो. हा माणूस दिवसभर उभा असतो. कमरेला पिस्तूल लावलेल्या, मोठ्या गाडीतून उतरलेल्या माणसाला ‘साहेब, हे आत चालणार नाही’ असं सांगण्याचं काम त्याचं आहे आणि त्याच्या हातात फक्त एक यंत्र आहे. जेसिकाने म्हटलं होतं तेच वाक्य तो रोज म्हणतो. तेव्हा पुढच्या वेळी त्याने थांबवलं की मुलांसमोर बॅग उघडून द्या, खिशातल्या चाव्या ट्रेमध्ये ठेवा आणि त्याला ‘शुक्रिया, भाईसाहब’ म्हणून मगच आत जा.